गाडी कुठं उभी होती

वडनेर भोलजी,
१८ ऑगस्ट २०२५

चि. दीपक,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी लिहीन. आधी राग लिहिते. भाकर आणि राग, दोन्ही गरम असतानाच वाढलेले बरे.

राखीला मी काजलच्या मोटरसायकलवर मागे बसून धाडला आले. सत्तरीची बाई नातीच्या मागे बसून इतक्या लांब आली, पण कंबरेने हूं की चूं केलं नाही, इतकी ती गाडी शहाणी चालत होती. मी आत तुझ्या बापाला, माझ्या पुंजाजीला ओवाळलं, सूनबाई मयुरीने वाढलेल्या शेवया खाल्ल्या, आणि तेवढ्या वेळात तू बाहेर दुकानात त्या गाडीचं पोट फाडून बसलास. परत येताना घाट उतरेपर्यंत माझी कवळी टाळांसारखी वाजत होती. मी काजलच्या पाठीवर थाप मारून विचारलं, "काय झालं वं गाडीले?" ती नुसती हसली.

मला ऐकू येत नाही हे साऱ्या भावकीला माहीत आहे. फोन कानाला लावला की आत गोमाशी घोंगावल्यासारखं होतं, म्हणून तर तुला पत्र लिहिते. आणि अशा बहिऱ्या बाईला आता काजल नाल्याच्या पुलावर आली की कळतं. कानाने नाही, तळपायाने. ओसरीची फरशी थरथरते. मांडणीवरचे पेले एकमेकांना शिवतात. गाय पान्हा चोरते, तिची धार काढताना मला तिच्या पोटातला थरकाप हाताला लागतो. दोरीवरच्या धुतल्या लुगड्याला पेट्रोलचा वास येतो. शेजारची छकुली अजून दात न आलेलं लेकरू, ती झोळीत दचकून उठते आणि तिची आई आमच्या दाराकडे बघते. बोलत नाही, नुसती बघते. बोलली असती तर बरं होतं.

आणखी एक. गाडीच्या तोंडापुढे मधूनमधून पिवळा दिवा लागू लागला होता म्हणे. आता तो लागत नाही. काजल सांगते, काकाने बंद केला. मला एवढंच सांग, तू दिवा लागायचं कारण बंद केलं, की दिवा?

काय काढलंस, ते कुठे आहे, आणि परत केव्हा बसवतोस, या तिन्हीचं उत्तर लिही. उरले असतील ते आशीर्वाद.

तुझी आत्या,
मनकर्णा


धाड,
२९ ऑगस्ट २०२५

ती. आत्याबाईस दीपकचा पाया पडून नमस्कार.

तुझं पत्र मयुरीनं साऱ्यांले मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा इतके हसले की ठसका लागला. तुझे पेले फुटले तर मी नवे आणून देईन, टेन्शन घेऊ नको.

आत्या, तुले गाडीतलं समजत नाही म्हणून सोपं करून सांगतो. आजकालच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये कंपनी एक जाळी कोंबते. धूर त्या जाळीतून गाळून बाहेर पडते. आता तूच सांग, नाकात बोळा कोंबून माणूस धावते का? मी तो बोळा काढला आणि मोकळं नळकांडं लावून दिलं. त्याच्या पुढं धुराचा वास घेणारा एक सेन्सर असते, त्याची वायर काढून ठेवली. तो काढला की दिवा लागते, म्हणून दिव्याचीही सोय केली. पेट्रोलच्या वाफेची एक डबी असते, तीही फुकटची अडगळ. आता गाडी कशी वाघीण झाली आहे. काजलले विचार.

आणि हे मी माझ्या मनानं नाही केलं. तिनंच म्हटलं. नांदुऱ्याहून लॅबमधून सुटून येताना फाट्यापासून दोन पोट्टे मागं लागतात, गाडी आडवी घालतात. मोठा आवाज असला की बायकी गाडी समजून कोणी जवळ येत नाही. हे तिनं तुमच्यापैकी कोणाले सांगतलं नाही, मले सांगतलं. मग मी काका म्हणून काय करायचं होतं?

पीयूसीचं म्हणशील तर ते फोटोवर मिळते, गाडी न्यावी लागत नाही. इकडं सारे असंच करतात. काढलेलं सामान माझ्या बाकड्याखाली पोत्यात पडलेलं आहे, साऱ्या पंचक्रोशीच्या गाड्यांचं. भंगारवाला आला की तेही जाईन.

एक गंमत म्हणून विचारतो, रागावू नको. तुले तर ऐकूच येत नाही, मग आवाजाचा एवढा त्रास कसा?

तुझा,
दीपक


वडनेर भोलजी,
८ सप्टेंबर २०२५

चि. दीपक,

तुझी गंमत पोचली. मी बहिरी आहे, मेलेली नाही.

पोट्ट्यांचं मला ठाऊक नव्हतं. ते वाचून माझं एक मन तुझ्याकडे झुकलं, खोटं कशाला बोलू. लेकीसाठी भागवत आता संध्याकाळी फाट्यावर जाऊन उभा राहतो. पहिल्याच दिवशी त्याने त्यातल्या एकाचा बाप ओळखला, आणि तो बाप बाकीचं पाहतो आहे. हे काम होतं. हे तू फोनवर भागवतला सांगायचं होतंस. ते सोडून तू पोरीला भुंकणारं कुत्रं बांधून दिलंस, आणि ते कुत्रं आता आमच्याच दारात बसलं आहे.

बोळ्याचं उदाहरण तुझं, आता माझं ऐक. तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरात धुराडं होतं. ते काढून टाकलं असतं तर चूल जोरात पेटली असती का? नाही. भिंती काळ्या झाल्या असत्या आणि आम्हा लेकरांचे डोळे गेले असते. धूर कुणाच्या तरी नाकात जातोच. तुझ्या जाळीत अडकत होता तो आता छकुलीच्या झोळीत जातो. मी अक्षरं शिकले ती काजलच्या पहिलीच्या पुस्तकावर, तिच्या शेजारी बसून. गाडीसोबत आलेली पुस्तिका मी पानपान वाचली आहे. त्यात त्या जाळीला हात लावू नका असं लिहिलेलं आहे. तू ती पुस्तिका कधी उघडून पाहिलीस का? दुकानाच्या पाटीवर तर "एक्सपर्ट" लिहून ठेवलंय.

आणि ती वाघीण. परवा तिन्हीसांजेला काजल अंगणात आली, मूठ सोडली, तर नळकांड्यातून वीतभर जाळ बाहेर आला आणि आत गेला. सापाने जीभ काढावी तसा. मी भागवतला दाखवलं. तो म्हणतो, पोट्टे असंच हौसेनं करून घेतात. तुमच्या हौसेला आमच्या गोठ्यातलं वाळलेलं कुटार दिसत नाही का?

गाडी घेऊन काजलला पाठवू का, की तू येतोस? मी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेणार नाही. ज्याने उसवलं त्यानेच शिवायचं.

तुझी आत्या,
मनकर्णा


वडनेर भोलजी,
१६ ऑक्टोबर २०२५

चि. दीपक,

मागच्या पत्राचं उत्तर तू दिलं नाहीस. ते भांडण आज बाजूला ठेवते. आपली सुडी जळाली.

सोयाबीन सोंगून झालं होतं. नाल्याकाठच्या वावरातलं सगळं भागवतने एका जागी रचलं होतं, घराएवढी सुडी झाली होती. मळणीयंत्र आज येईल, उद्या येईल, असं चाललं होतं. रविवारी दुपारी मी राखणीला. काजलला सुट्टी होती, तिने गाडीवर माझी भाकर आणून दिली, घटकाभर बसली, गेली. मी बाभळीखाली सुडीकडे पाठ करून जेवायला बसले. पाठीमागे वर्षाचं पीक पेटलं आणि माझ्या कानांना पत्ता नाही. कळलं ते पुष्पाबाईने माझा दंड धरून मला फरफटत ओढलं तेव्हा. वळून पाहिलं तर जाळ बाभळीच्या शेंड्याला. माझं ताट जिथे होतं तिथवर आग सरपटत आली होती. भाकरीचा कोळसा झाला. सुडीतलं मूठभरही हाती लागलं नाही.

आता तू विचार कर. पुष्पाबाईचं वावर धुऱ्यापलीकडे, आपल्या बांधाला लागून. भर दुपारी जो तो आपल्या सावलीत. मग सगळ्यांच्या आधी तीच कशी पोचली? आपल्याकडे लहान लेकरालाही ठाऊक आहे, सुडी लावणारा विझवायला पहिला येतो. सुडी आपोआप पेटत नाही. तिला कुणाचा तरी हात लागतो. मागच्या साली शिवारात दोन जळाल्या, दोन्ही वैराच्या.

आणि आखाजीला धुऱ्याची मोजणी झाली तेव्हा तू आमच्याकडे होतास. ती पदर खोचून म्हणाली होती, "तुमच्या पिकाले आग लागो." मी तिच्या ओठांवरून वाचलं. तू कानांनी ऐकलंस.

भागवतने तिचं नाव घालून रिपोर्ट दिला. तिला चौकशीला बोलावलं. ठाण्याच्या बाकावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून होती, बाजाराचा दिवस, जाणाऱ्यायेणाऱ्याने पाहिलं. नवरा नाही, लेक सुरतेला, एकटीच बसली होती म्हणे. मला कीव आली असं लिहिणार नाही. माझ्या पोटात अजून ती सुडीच जळते आहे. पहाटे काकड्याला देवळात ती येते तेव्हा बायका आपली सतरंजी आवरून घेतात. मीही घेते.

ठाण्यात म्हणतात, धमकी ऐकलेला माणूस पाहिजे. आमच्या घरच्यांचं चालत नाही. तू ये आणि जे ऐकलं ते सांग. भाऊबीजेला पुंजाजीला घेऊन येशीलच, तेव्हाच काम उरकून टाकू.

काजल अन्न घेत नाही. पीक तिलाही लागलं असेल मनाला.

तुझी आत्या,
मनकर्णा


धाड,
२५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्याबाईस साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. वाचून फार वाईट वाटलं. बाबांले अजून पूर्ण सांगतलं नाही, त्यांचा बीपी वाढते. भाऊबीजेले येणं झालं नाही, दुकानात गर्दी होती, दिवाळीत साऱ्यांच्याच गाड्या येतात.

साक्षीचं म्हणशील तर आत्या, मले आखाजीचं नीट आठवत नाही. बायका भांडणात काहीबाही बोलतातच. तेवढ्यावरून कोणी सुडी लावत नाही. पुष्पाबाई तशी बाई वाटत नाही. माझं ऐकशील तर भागवतदादाले सांग, रिपोर्ट मागं घे. ऊन केवढं होतं. आग कशानंही लागते. तारेची ठिणगी पडते, कोणी बिडी टाकते.

काजल त्या दिवशी आली तेव्हा तिनं गाडी कुठं उभी केली होती? सहज विचारतो. वारा कुणीकडून होता?

आणि हो, गाडी इकडं पाठवून दे. तू म्हणत होतीस ना, सायलेन्सर बसवून दे म्हणून. बसवून देतो. लवकर पाठव. ती सध्या कोणाले चालवू देऊ नको.

तुझा,
दीपक


वडनेर भोलजी,
३० ऑक्टोबर २०२५

दीपक,

चिरंजीव लिहिता लिहिता हात थांबला.

एवढे दिवस पोलीस येऊन गेले, तलाठी येऊन गेला, साऱ्या गावाने जळालेल्या जागेभोवती फेऱ्या मारल्या. कुणीही विचारलं नाही की गाडी कुठं उभी होती. कुणाला सुचलंच नाही. पंचवीस कोसांवरून ते फक्त तुला सुचलं. का सुचलं, ते मला तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना समजलं.

काजलला समोर बसवलं. तिच्या ओठांवर डोळे ठेवले.

"गाडी कुठं उभी केली होती?"

"सुडीच्या सावलीत. सीट तापते म्हणून."

"तोंड कुणीकडे?"

"रस्त्याकडे."

म्हणजे शेपूट सुडीकडे. मी म्हटलं, पुढचं बोल. ती म्हणाली, "चालू केली तशी फाटकन वाजली. ते रोजच वाजते, आजी. मी मागं पाह्यलं नाही. पुलावर आल्यावर आरशात धूर दिसला. तवाच मले समजलं. गाडी वळवली, पण तवर पुष्पाबाईनं तुले ओढून काढलं होतं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"मी घरी येऊन बोलणार होती. तवर बाबानं पुष्पाबाईचं नाव घेतलं. सारे हाव म्हणाले. तूही म्हणाली. मंग मले तोंडच उघडता आलं नाही."

ती एवढंच म्हणाली आणि मोरीत जाऊन बसली. मी तिला मारलं नाही. तिच्याआधी मारण्याजोगे दोघे जण आहेत, एक तू आणि एक मी.

मी तशीच पुष्पाबाईकडे गेले. तिने ये म्हटलं नाही. उंबऱ्यात उभी राहून मी सगळं सांगितलं. ती सूप पाखडत होती, पाखडतच राहिली. शेवटी सूप खाली ठेवून, मला ओठ दिसावेत म्हणून तोंड वर करून बोलली. दीपक, एवढ्या रागातही तिला माझं बहिरेपण आठवलं.

म्हणाली, "तुमचा दंड धरला तवा माझ्या डोक्यात धुरा नव्हता, मनकर्णाबाई. तुमी जिती राहिल्या पायजे एवढंच होतं. आता रिपोर्ट मागं घेसान, कागदावरून माझं नाव जाईन. पण मले त्या बाकावर बसलेली साऱ्यांनी पाह्यलं. उठलेली कोणं पाह्यलं?"

तिला उठलेली दाखवायचा एक मार्ग आहे. पौर्णिमेला काकड्याची समाप्ती आहे. काल्याला सारं गाव देवळात असतं. तू ये. काजल उभी राहून तिचं सांगेल, तू उभा राहून तुझं सांग. जाळी का काढली, दिवा का मारला, त्या नळकांड्यातून जाळ निघतो हे ठाऊक असून गाडी सोयाबीनच्या गावात कशी पाठवली. मी पत्रात जाळाचं लिहिलं होतं, तारीख काढून बघ. तेव्हा तुझ्याकडून एक ओळ आली नाही. साक्ष मागितली तेव्हा मात्र तू पुष्पाबाईसाठी रदबदली केलीस. मला वाटलं, भला माणूस आहे माझा भाचा. भला नव्हतास, भ्यायलेला होतास. ती गुन्हेगार नाही हे तुला ठाऊक होतं, पण ते उघड सांगायचं नव्हतं. रिपोर्ट गुपचूप मागे गेला असता तर जन्मभर ती गावात सुडी जाळणारी म्हणून फिरली असती, आणि तू गिऱ्हाइकाला चहा पाजत बसला असतास.

पौर्णिमेला वाट पाहते.

मनकर्णा


धाड,
४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्याबाईस नमस्कार.

आत्या, तू फार मोठं करून राह्यली. मी मुद्दाम केलं का? मले काय माहीत सुडीच्या सावलीत कोणी गाडी लावते. मी एकटाच जाळ्या काढतो का? धाडमध्ये पाहा, बुलढाण्यात पाहा. मी नाही केलं तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. दुकानावर सारं घर चालते, बाबांचं दवापाणी चालते.

देवळात उभं राहून सांगतलं की दुसऱ्या दिवशी ते साऱ्या व्हॉट्सॲपवर फिरते. मग माझ्याकडं कोण गाडी लावीन? आणि काजलचा विचार कर. तिचं लग्न जमवायचं आहे. सुडी जाळणारी पोरगी म्हणून तिचं नाव तू स्वतः काढणार का? मी तर म्हणतो, तिच्या भल्यासाठी तू गप राहा. पुष्पाबाईले मी साडीचोळी करतो, पाया पडतो, जे म्हणशील ते करतो. पण घरात. देवळात नाही.

मी येऊ शकत नाही. गाडी पाठवून दे, बसवून देतो.

तुझा,
दीपक


वडनेर भोलजी,
१० नोव्हेंबर २०२५

दीपक,

तुझं पत्र पौर्णिमा झाल्यावर आलं. समाप्ती झाल्यावरच मिळावं अशा बेताने तू ते टाकलंस, एवढं टपाल मलाही कळतं. बरंच झालं. आधी मिळालं असतं तर काजलच्या लग्नाच्या ओळीपाशी कदाचित माझं मन डळमळलं असतं.

आता काय झालं ते ऐक.

आरती झाली, काल्याची हंडी फुटली, बायका प्रसादाला बसल्या. पुष्पाबाई खांबाजवळ, भोवती मोकळी जागा. मी उठले. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने बोलले ते ठाऊक नाही. भागवत म्हणतो, बाहेर पारावर बसलेल्यांनाही ऐकू गेलं. माझ्यातली जाळी देवानेच काढून ठेवली आहे, त्याला इलाज नाही.

मी सांगितलं, आमची सुडी कुणी लावली नाही. ती आमच्याच गाडीने पेटली. ज्या बाईला आम्ही ठाण्याच्या बाकावर बसवलं तिने मला ओढून काढलं नसतं तर मीही त्या सुडीबरोबर गेले असते. पहिली आली म्हणून आम्ही तिला चोर ठरवलं. दुसरी आली असती तर दुसरीला ठरवलं असतं, आणि कुणीच आलं नसतं तर मला तिथेच राख झालेली पाहिलं असतं. तेव्हा यापुढे सुडी पेटली तर या गावात कोण धावून जाईल, ते तुम्हीच ठरवा.

भागवत खाली बघत बसला होता. त्याला मी आधी सांगितलं होतं, पण देवळात सांगेन असं त्याला वाटलं नव्हतं. मग काजल उभी राहिली. तिला मी उभं केलं नाही. पदराला धरून बसवायला तिची आई गेली, तिने पदर सोडवून घेतला. म्हणाली, गाडी माझी, शेपूट सुडीकडे मी केलं, आणि गप मीच बसले. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "जाळी काढली कोणं?" ती म्हणाली, "माझ्या काकानं. मीच सांगतलं होतं." बघ, तिने तुझं नाव घेतलं आणि अर्धा भार स्वतःच्या डोक्यावर ठेवला. तिच्या लग्नाची काळजी तू करू नकोस. एवढ्या लोकांत खरं बोलणारी मुलगी ज्यांना नको, त्यांच्या घरी मला ती द्यायचीच नाही.

मी माझ्या सतरंजीचं टोक धरून ओढत पुष्पाबाईपाशी नेलं. ती थोडी सरकली. जागा करून द्यायला सरकली की लांब व्हायला, ते मला समजलं नाही. मी बसले. तिने माझ्या द्रोणातला काला उचलून तोंडात टाकला, स्वतःचा तसाच ठेवला. हे माफ करणं होतं की हिशेब चुकता करणं, तेही मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी भागवत ठाण्यात जाऊन सगळं लिहून देऊन आला. परत आल्यावर तो तिच्या धुऱ्यापाशी जाऊन उभा राहिला होता. तिने त्याला पाणी विचारलं नाही. बरोबर केलं.

आता तुझं. गाडीचं नळकांडं भागवतने सोडून ठेवलं आहे. गोठ्यात बिनशेपटीची उभी आहे. काजल एसटीने जाते. ती गाडी मी तुझ्याकडे एकटी पाठवणार नाही.

तुझ्या बाकड्याखालचं पोतं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू हौसेनं लिहिलं होतंस, साऱ्या पंचक्रोशीचं सामान आहे. म्हणजे तेवढ्या गाड्या जाळ ओकत तुमच्या शिवारात फिरत आहेत. तुमच्याकडे आता मक्याचा कडबा रचायला लागले असतील, कापूस घरात येत असेल. त्यातलं एखादं पेटलं की कोणीतरी पुष्पाबाई बाकावर बसणार, आणि तू बाकड्याच्या या बाजूला पाना हातात घेऊन म्हणणार, ऊन केवढं होतं.

म्हणून मी येते. धाडच्या बाजाराच्या दिवशी, सकाळच्या एसटीने. भागवत गाडी टेम्पोत घालून मागून आणेल. पुष्पाबाई माझ्यासोबत आहे. मी तिला विचारलं, तर पदर डोक्यावर घेत म्हणाली, "चला. बाकावर बसायची सवय झाली आता मले." आम्ही दोघी तुझ्या दुकानापुढे बसू. ती ठाण्यात बसली होती तशीच, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, सारा बाजार बघत असताना. कुणी विचारलं की मावशी इथं काऊन बसल्या, तर ती सांगेल. तिला माझ्यापेक्षा चांगलं सांगता येतं, आणि तिला ऐकूही येतं, त्यामुळे लोकांच्या प्रश्नांना उत्तरंही देईल.

काजलची जाळी, सेन्सर, वाफेची डबी, दिवा, सगळं जागच्या जागी बसेपर्यंत आम्ही उठणार नाही. त्यानंतर पोतं बाहेर ओतायचं. ज्यांचं आहे ते बाजाराला येतातच, एकेकाला हाक मार. पोतं भंगारात गेलं असेल तर त्या भंगारवाल्याच्या दारात आधी तू जाऊन बस. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल म्हणतोस ना, जाऊ दे. पुढच्या दुकानापुढेही बाक असेलच.

पुंजाजीला हे पत्र वाचून दाखव. बीपीचं निमित्त सांगू नकोस, माझा भाऊ आहे तो, मला माहीत आहे कशाने वाढतो आणि कशाने उतरतो. आशीर्वाद या वेळी पत्रातून पाठवत नाही. ते पोत्यातली शेवटची जाळी बसल्यावर, हाताने डोक्यावर.

मयुरीला सांग, दोघींच्या भाकरी टाकून ठेव. पुष्पाबाईला ठेचा लागतो. राग दुकानावर आहे, मयुरीच्या चुलीवर नाही.

तुझी आत्या,
मनकर्णा